दादा प्रत्येक डावात रेज करतो तेव्हा

प्रश्न सुदामानगरातून आला आहे, विचारणारी एक तरुण मुलगी. शनिवारी रात्री जेवणं झाली की तिच्या आत्याकडे सहा जण पोकरला बसतात. पैसे लावत नाहीत. प्रत्येकाला १०,००० चिप्स, ब्लाइंड (दर डावाआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स) ५० आणि १००, चिप्स संपल्या की बाद, आणि वर्षभराचे गुण एका वहीत. तिचा आतेभाऊ, ज्याला घरात सगळे दादा म्हणतात, जवळजवळ प्रत्येक डावात ३०० चा रेज करतो, म्हणजे बोली तेवढ्यावर नेतो. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) उघडला की पॉटएवढी, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सएवढी बेट, टर्नला (चौथ्या पानाला) पुन्हा पॉटएवढी, रिव्हरलाही (पाचव्या पानाला) तेच, आणि मध्येच कधीतरी पानं न बघता ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे. ती विचारते, "काका, त्याच्यासमोर खेळायचं तरी कसं? चांगल्या पानांची वाट बघावी तर चिप्स झिजतात, नडायला जावं तर मीच आधी बाद होते." सोबत तिने स्वतःचे तीन डाव लिहून पाठवले आहेत.

ते तीन डाव पाठवलेस हे फार चांगलं केलंस, कारण नुसता प्रश्न असता तर मला अंदाजानेच बोलावं लागलं असतं. पहिल्या डावात तुझ्या हातातली दोन पानं राजा-गुलाम होती, टेबलावरच्या राजाशी जोडी जमली, तू दोनदा कॉल केलास (त्याच्याएवढ्याच चिप्स भरल्यास) आणि रिव्हरला फोल्ड केलंस (पानं टाकलीस). दादाने इस्पिकची दश्शी-अठ्ठी उघडी टाकली आणि सगळे हसले. दुसऱ्यात तुझ्याकडे एक्क्यांची जोडी आली, दादाच्या ३०० वर तू थेट ऑल-इन केलंस आणि त्याने पानं टाकून दिली. तिसऱ्यात काहीच न जमता तू रिव्हरला मोठी बेट केलीस आणि दादाने चौकीच्या जोडीवर कॉल केला. तिन्ही डावांत चूक एकच आहे. जिथे शांत बसून कॉल करायचा तिथे तू सोडलंस किंवा झडप घातलीस. अति आक्रमक खेळाडूच्या चिप्स आपल्या कॉलने आपल्याकडे येतात, आपल्या रेजने फार थोड्या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढे लिहितो ते त्याचं कारण आणि हिशेब.

दादाला ही सवय कुठून लागली असेल याचा मला अंदाज आहे. आपल्याकडे बहुतेकांचे हात दिवाळीतल्या तीन पत्तीवर तयार झालेले असतात. तीन पत्तीत जो ब्लाइंड खेळतो तो पानं बघून खेळणाऱ्याच्या निम्म्या किमतीत चाल देतो. म्हणजे न बघता दडपण आणणाऱ्याला खेळच सवलत देतो. शिवाय तिथे एकही पान उघडं नसतं, त्यामुळे समोरच्याकडे काय असेल याचा हिशेब करायला जागा फार कमी. पोकरमध्ये दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. दादा पानं बघो न बघो, प्रत्येक बेटची पूर्ण किंमत त्यालाही मोजावी लागते. आणि टेबलावर पाच पानं उघडी पडतात, त्यांतून त्याच्याकडे काय असू शकत नाही हे मोजता येतं. तीन पत्तीचं धाडस तो पोकरच्या टेबलावर आणतोय. ते चालतंय, कारण टेबलावरचे बाकीचे पाच जणही तीन पत्तीचीच भीती सोबत घेऊन बसले आहेत.

आता एक आकडा लक्षात ठेव. जोडी नसलेल्या कुठल्याही दोन पानांना फ्लॉपवर निदान एक जोडी जमण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. म्हणजे तीनातून दोन वेळा दादाला फ्लॉपवर काहीही मिळालेलं नसतं, आणि बेट मात्र तो तिन्ही वेळा करतो. तुलाही तीनातून एकदाच जमतं, हे खरं. पण जेव्हा जमतं, तेव्हा समोर बहुतेक वेळा रिकामे हात असतात. ही तुझी खरी मिळकत आहे, आणि नेमकी तीच तू रिव्हरला टाकून देतेस.

तो राजा-गुलामाचा डाव सावकाश बघू, कारण त्यात सगळं आहे. दादाने ३००, तू बिग ब्लाइंडमधून (१०० लावायच्या जागेवरून) कॉल, स्मॉल ब्लाइंडवाल्याने पानं टाकली म्हणून त्याचे ५० मेले, पॉट ६५०. फ्लॉप: इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची चौकी. तुझ्या हातात चौकटचा राजा आणि किलवरचा गुलाम. दादा ६५०, तू कॉल, पॉट १,९५०. टर्नला बदामची सत्ती. दादा १,९५०, तू कॉल, पॉट ५,८५०. रिव्हरला किलवरची दुर्री. दादा ५,८५०, तू फोल्ड. तोवर तुझे २,९०० चिप्स आत गेले होते.

आधी किंमत. ५,८५० भरून तुला ११,७०० मिळवायचे आहेत. म्हणजे तीनातून एकदा जरी तू पुढे असलीस तरी बरोबरी. हे गणित पाठ कर: पॉटएवढी बेट आली तर तुला तीनातून एकदा जिंकायचंय, अर्ध्या पॉटची आली तर चारातून एकदा, दुप्पट पॉटची आली तर पाचातून दोनदा. टेबलावर एवढं पुरतं.

आता तुला हरवणारे हात मोज, म्हणजे दादाकडे असू शकणारी दोन-दोन पानं किती प्रकारे येऊ शकतात ते. सेट, म्हणजे तीन पत्तीतली ट्रेल: राजे दोनच उरले म्हणून १, नव्वी ३, सत्ती ३, चौकी ३, दुर्री ३, एकूण १३. एक्क्यांची जोडी ६. एक्का-राजा ८. राजा-राणी ८. राजासोबत दुसरी जोडी जमलेले, म्हणजे राजा-नव्वी, राजा-सत्ती, राजा-चौकी, राजा-दुर्री, प्रत्येकी ६, एकूण २४. शहाण्या माणसाच्या हिशेबात मी राजा-दुर्री धरली नसती, पण दादा तीही टाकत नाही. नव्वी-सत्ती ९. सगळे मिळून ६८.

आता फसलेले हात. फ्लॉपवर दोन इस्पिक होते आणि पुढे तिसरं आलंच नाही. इस्पिकचे एक्का, राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी, तिर्री, या आठांतली कुठलीही दोन धर: २८ हात, सगळे फ्लशच्या (एकाच रंगाच्या पाच पानांच्या) आशेवर आले आणि हात हलवत राहिले. सिक्वेन्सची वाट बघणारे वेगळेच. दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी, प्रत्येकी १५, कारण दोन्ही इस्पिक असलेला एकेक हात वर मोजून झालाय. गुलाम-दश्शी ११, तुझ्या हातातल्या गुलामामुळे थोडे कमी. हे ५६. एकूण ८४ हात असे की ज्यांत राजाच काय, जोडीसुद्धा नाही.

कॉल बरोबरीत सुटायला ६८ च्या निम्मे, म्हणजे ३४ फसलेले हात पुरेत. दादाने आपल्या ८४ पैकी फक्त निम्म्या हातांनी, ४२ नी, तिसरी बेट केली असं धरलं, तरी तू ११० पैकी ४२ वेळा जिंकतेस. प्रत्येक कॉलमागे सरासरी साडेआठशे चिप्सची कमाई. तू सांगतेस त्यावरून तो निम्मेच काय, सगळेच मारत असेल. नव्वी-चौकी, सत्ती-दुर्रीसारखे भिकार हातही तो खेळतो असं तू म्हणशील. मग त्याच्या बाजूला आणखी ४५ धर. पण तितका सैल खेळणारा राणी-गुलाम, राणी-दश्शी, दश्शी-छक्की, अठ्ठी-पंजीसुद्धा खेळतो, आणि ते फसलेले हात ५६ भरतात. नव्वीची जोडी घेऊन मारत असेल तर तेही तुझ्यामागेच आहेत. पारडं तुझ्याचकडे झुकतं.

एक बारीक गोष्ट. तुझ्या हातात एकही इस्पिक नव्हतं, हे तुझ्या फायद्याचं होतं. किलवरऐवजी इस्पिकचा गुलाम असता तर त्या २८ पैकी ७ हात दादाकडे असूच शकले नसते. रिव्हरला कॉल करावा की नाही अशी कुचंबणा झाली की स्वतःच्या पानांकडे बघायचं: माझ्याकडे जे पान आहे, त्यामुळे त्याचे फसलेले हात कमी होतात की जमलेले?

आणि हेच पत्ते, हीच बेट, पण समोर तुझी आत्या असती तर? तू लिहितेस, आत्या तासाला दोन डाव खेळते आणि बेट क्वचितच करते. मग हिशेब असा: सेट १३, एक्का-राजा ८, एक्क्यांची जोडी ६, एकूण २७. कॉल करायला निदान १४ फसलेले हात हवेत. आत्या तीन वेळा पॉटएवढी बेट करतेय आणि हातात काही नाही, असे मला दोन हातही दिसत नाहीत. राजा-गुलाम शांतपणे खाली ठेव. पानं तीच, किंमत तीच, माणूस बदलला की उत्तर बदलतं. पोकरमधली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच आहे.

आता एक कठीण गोष्ट, आणि ती मी जोर देऊन सांगतो. ११० पैकी ४२ म्हणजे तू त्या कॉलवर जिंकण्यापेक्षा हरशील जास्त वेळा. दादा सेट उघडेल, टेबल पुन्हा हसेल, कोणीतरी म्हणेल, "एवढ्याशा पानांवर कॉल कशाला केलास?" आणि तरीही तुझा कॉल बरोबर असेल. आक्रमक खेळाडूसमोर लोक गणितात कमी पडत नाहीत, इथे कमी पडतात. दोन शनिवार सलग कॉल चुकला की तिसऱ्या शनिवारी ते घाबरून फोल्ड करतात, आणि नेमका त्याच दिवशी दादाकडे दश्शी-अठ्ठी असते. म्हणून निर्णय रिव्हरला घ्यायचा नाही, फ्लॉपलाच घ्यायचा. राजाची जोडी जमली, समोर दादा आहे, तो तीनदा मारणार हे तुला ठाऊक आहे. तर मनात ६५०, १,९५०, ५,८५० हे तिन्ही आकडे आधीच मोजून घे. तेवढी तयारी नसेल तर फ्लॉपलाच सोड, ३०० वर सुटशील. दोनदा कॉल करून तिसऱ्यांदा सोडणं हा सर्वांत महाग मार्ग आहे. एखादं भयंकर पान आलं, म्हणजे तिसरं-चौथं इस्पिक, तर बेत बदलता येतो. दुर्रीसारखं निरुपद्रवी पान आल्यावर बदलायचं काही कारण नव्हतं.

एक्क्यांच्या जोडीबद्दल थोडक्यात. ती २२१ डावांत एकदा येते. घरच्या टेबलावर तासाला २५ डाव होतात असं धरलं तर साधारण नऊ तासांत एकदा. आणि ती आल्यावर तू ९,७०० चिप्सची भिंत दादासमोर उभी केलीस. तो उत्साही आहे, वेडा नाही. भिंत दिसली की वळतो. त्याने ३०० केले होते, तू ९०० करायचे. किंवा तुम्ही दोघंच उरला असाल तर नुसता कॉल करून त्याला फ्लॉप, टर्न, रिव्हर तीनदा स्वतःच्या हाताने पॉट फुगवू द्यायचा. सेट जमला असेल आणि फ्लॉप कोरडा असेल, म्हणजे इस्पिक-इस्पिक किंवा लागोपाठची पानं नसतील, तर रेज करायची घाई करू नकोस, तो स्वतःच आणून देतोय. फ्लॉपवर फ्लश आणि सिक्वेन्सच्या वाटा मोकळ्या असतील आणि तो त्या आशेवर कॉल करणारा असेल, तर मात्र रेज कर, त्याला फुकट पान बघू देऊ नकोस. आणि एक्के हरले तर विलाप नको. कुठल्याही दोन पानांसमोर एक्क्यांची जोडी ८५ टक्के वेळा जिंकते, म्हणजे सातातून एकदा हरते.

तिसरा डाव, ब्लफचा. अर्ध्या पॉटची ब्लफ यशस्वी व्हायला समोरच्याने तीनातून एकदा फोल्ड करायला हवं, पॉटएवढीला दोनातून एकदा. जो माणूस चौकीच्या जोडीवर कॉल करतो तो यातलं काहीच करत नाही. दादासमोर ब्लफ बंद. त्याऐवजी तुझ्याकडे बऱ्यापैकी जोडी असेल आणि तो चुकून चेक करेल (बेट न करता पाळी पुढे देईल), तर तू स्वतः बेट कर, नेहमीपेक्षा थोडी मोठी. तो कॉल करेल.

बसायची जागा हा विषय घरच्या टेबलावर कोणी मनावर घेत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण यात काहीही अवघड नाही. दादाच्या डाव्या हाताला बस. पत्ते डावीकडे फिरतात, म्हणून तो आधी बोलतो आणि तू त्याच्यानंतर. त्याने काय केलं हे बघून तू ठरवतेस. तुमच्याकडे जागा ठरलेल्या असतील तर दर शनिवारी पानं काढून जागा ठरवू या असं सुचव. कोणाला राग येणार नाही. उजवीकडची जागा आली तर खेळ वेगळा होतो. तू चेक करायचं, दादा सवयीने मारणार, बाकीचे चौघं काय करतात ते तुला दिसणार, आणि मग तुझी पाळी. तीही वाईट जागा नाही, पण संयम जास्त लागतो.

डाव्या हाताला असलीस तर मधल्या पानांनीही काम होतं. दादाने ३०० केले आणि तुझ्याकडे अठ्ठीची जोडी, एक्का-दश्शी किंवा राजा-राणी आहे, तर ९०० किंवा १,००० कर. बाकीचे दबून सोडतील आणि दादा एकटा तुझ्यासमोर उरेल. कुठल्याही दोन पानांसमोर अठ्ठीची जोडी जवळजवळ ६९ टक्के जिंकते, एक्का-दश्शी सुमारे ६३, राजा-राणी सुमारे ६१. वर मी कॉलचं एवढं गायलं, तरी हा एक रेज मला मान्य आहे, कारण तो दादाला घालवत नाही, बाकीच्यांना घालवतो. छोट्या जोड्या, दुर्रीपासून छक्कीपर्यंत, ३०० ला फ्लॉप बघायला ठीक. सेट साडेआठ वेळांत एकदा जमतो. दादा १,००० मागत असेल तर त्या सोडून दे, आत जाण्याचीच किंमत परवडत नाही. सत्ती-अठ्ठी, छक्की-सत्ती एकाच रंगाची, असल्या सुंदर दिसणाऱ्या पानांचंही तेच.

पानं न बघता ऑल-इन आला तर? सातीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-दश्शी आणि त्यावरचे एक्के, शिवाय राजा-राणी, एवढ्यावर कॉल. एकूण १,३२६ हातांपैकी हे १२८ होतात, म्हणजे दहा डावांत जवळजवळ एकदा. नुसतं गणित म्हणेल की पन्नास टक्क्यांच्या वरचं काहीही चालेल. पण तुमच्याकडे बाद झालेला परत येत नाही, म्हणून मी थोडी चांगली वाट बघायला सांगतो. नऊ तासांत एकदाची नाही, अर्ध्या तासात एकदाची वाट.

इथे थांबून एक शंका काढायला हवी. दादा खरोखर तसाच आहे का? सैल आणि आक्रमक दिसणारे सगळे सारखे नसतात. इंदूरच्या मुश्ताक अलींबद्दल लहानपणी घरात ऐकत आलो. पुढे सरसावून फटके मारणारा सलामीवीर, बघणाऱ्याला वाटावं की हा आता बाद होतो. १९३६ साली मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर याच माणसाने विजय मर्चंटसोबत २०३ ची सलामी दिली आणि ११२ धावा केल्या. परदेशातलं ते भारतीयाचं पहिलं कसोटी शतक. ते आंधळं धाडस नव्हतं. पोकरमध्येही असे लोक भेटतात. रेज भरपूर करतात, पण प्रत्येक बेटमागे विचार असतो, आणि तुझा कॉल आला की टर्नला सावध होतात. अशांसमोर मी वर सांगितलेला सढळ कॉल घात करतो.

मला हा धडा गोव्यात एका स्पर्धेत मिळाला. समोरचा तरुण पहिल्या तासात निम्म्याहून जास्त डावांत रेज करत होता. मी त्याला आपल्या टेबलावरचा दादा समजलो आणि तिसऱ्या क्रमांकाच्या जोडीवर तीनदा कॉल केला. तिन्ही वेळा त्याच्याकडे खरं काहीतरी होतं. बाद होऊन बाहेर बसल्यावर नोंदी वाचल्या तेव्हा कळलं. तो फ्लॉपवर पुष्कळ वेळा मारायचा, पण टर्नला कॉल आला की बहुतेक वेळा थांबायचा. तिसरी बेट त्याने शेवटपर्यंत एकदाही रिकाम्या हाताने केली नव्हती. माहिती माझ्या वहीत होती आणि मी ती वाचली नाही. त्यानंतर मी माणसाचा पहिला रेज मोजणं सोडून दिलं, तिसरी बेट मोजतो.

तू दादाच्या चार गोष्टी बघ. त्याने रिव्हरला मारल्यावर पानं उघडी झाली तेव्हा काय निघालं. दोन जण आत असतानाही तो तितकंच मारतो का. जोरदार रेज आला की तो पानं टाकतो का. आणि जमलेल्या हाताला त्याची बेट लहान किंवा मोठी होते का. शेवटची खूण सोन्याची आहे. घरच्या टेबलावर कितीतरी जण ब्लफला मोठी आणि सेटला छोटी बेट करतात, "येऊ दे की सगळे" या हेतूने. असं दिसलं तर वरचा सगळा हिशेब विसर आणि या खुणेवर खेळ.

आणखी एक जात असते: एरवी नीट खेळणारा, पण एक मोठा पॉट गमावला की पुढचा अर्धा तास रागाने मारणारा. दादा असा असेल तर त्याच्या हरलेल्या डावानंतरचे दहा-बारा डाव तुझे. बाकी वेळ त्याच्याशी साधंच खेळ.

कॉल कधी करू नये हेही सांगायला हवं, नाहीतर तू पुढच्या शनिवारी नव्वीच्या जोडीवर बाद होशील आणि मला बोल लावशील. टेबलावर एकाच रंगाची चार पानं असतील आणि तुझ्याकडे त्या रंगाचं काहीच नसेल, तर सोड. मध्ये तिसरा माणूस असेल आणि त्याने दादाला कॉल केला असेल तर पुष्कळ सावध हो, कारण दादाला खोटं ठरवायला तोही तयार बसलाय, म्हणजे त्याच्याकडे काहीतरी आहे. आत्याने रेज केला असेल तर राजाची जोडीसुद्धा ठेवून दे. आणि ज्या हाताने फसलेल्या हातालाच फक्त हरवता येतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या जोडीलाही नाही, तो कॉलचा हात नव्हे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार खरं वाटलं: "दादापुढे कॉल करायला कसंतरीच होतं." हे पत्त्यांचं नाहीच. लहानपणापासून तो मोठा, त्याने म्हणायचं आणि आपण ऐकायचं. रविवारी राजेंद्रनगरला माझ्याकडे मुलं-मुली बसतात, त्यांच्यातही हे बघितलंय. सख्ख्या भावापुढे, सासऱ्यांपुढे, वरिष्ठापुढे माणसं नकळत पानं टाकतात. कॉल करणं म्हणजे उलट उत्तर देणं नाही. "दादा, बघू या" एवढं म्हणून चिप्स पुढे सरकव. तो पानं दाखवून हसला तर तूही हस आणि वहीत लिही. फसवलेलं पान उघडून दाखवणारा माणूस तुला फुकट माहिती देतोय. त्याला कधीही थांबवू नकोस. तू मात्र न मागता पान दाखवायचं नाही, जिंकलीस तरी.

चिप्स पुढे सरकवण्याआधी प्रत्येक वेळी तीन आकडे मनात म्हण: पॉट किती, मला किती भरायचेत, कितीतून एकदा जिंकायचंय. हे म्हणायला दहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात छातीतली धडधड खाली येते. मी आजही करतो.

सरावासाठी मोबाइलवर पैसे लावून खेळू का, असंही विचारलंस. नको. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे, आणि तो कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तुमचं बिनपैशाचं टेबल आहे तसंच राहू दे. फुकटच्या चिप्सवर अनोळखी लोकांशी खेळूनही फार शिकायला मिळत नाही, तिथे सगळेच दादा असतात आणि कोणाचीच वही ठेवता येत नाही. त्यापेक्षा रोज रात्री घरातली कॅट काढ. स्वतःला दोन पानं वाट, टेबलावर पाच उघड, आणि कागदावर दोन रकाने कर: मला हरवणारे हात किती, फसलेले किती. पहिल्या दिवशी एका डावाला वीस मिनिटं लागतील. महिनाभरात दोन मिनिटांत होईल, आणि टेबलावर अर्ध्या मिनिटात अंदाज बांधता येईल. मोजताना उघडी पानं आणि स्वतःची पानं वजा करायला विसरू नकोस; सुरुवातीला सगळे तिथेच चुकतात.

या शनिवारी दादाच्या डाव्या हाताला जागा मिळव आणि दादाचे फक्त रिव्हरचे डाव टिपून ठेव: बेट केवढी होती, पॉट किती होता, पानं उघडी झाली तर काय निघालं. तू स्वतः कमी खेळलीस तरी चालेल. चार शनिवारांची पानं जमली की मला पाठव. त्याची तिसरी बेट रिकामी किती वेळा होती ते दोघं मिळून मोजू, आणि वरच्या हिशेबात मी त्याचे निम्मे फसलेले हात धरलेत, तिथे त्याचा खरा आकडा घालू.